व्हॅलेन्सियाची संत्री, फायास आणि आपली मारबत

परवा एका रोटरी क्लबात बोलावलं होतं. त्यांच्यातली काही जोडपी फ्रेंडशिप एक्सचेंजला स्पेनला चालली आहेत, तर 'तुम्ही व्हॅलेन्सियाला जाऊन आलेले, दहा मिनिटं सांगा काय काय बघायचं' असं म्हणे. दहा मिनिटांत काय सांगणार बाप्पा, त्यात समोर गरम समोसे आलेले आणि प्रोजेक्टर चालू व्हायला तयार नाही. मग म्हटलं सरळ लिहूनच टाकू, ज्याला वाचायचं तो वाचेल.

आधी हे सांगतो की मी रोटेरियन नाही, तेव्हाही नव्हतो. आमच्या वेळी ग्रुप स्टडी एक्सचेंज होतं, सगळे जीएसईच म्हणायचे. रोटरी फाउंडेशनने १९६५ साली सुरू केलेलं, २०१३ मध्ये बंद पडलं, आम्ही शेवटच्या काही वर्षांतले. अट अशी की टीम लीडर रोटेरियन आणि बाकीचे चौघं २५ ते ४० वयाचे, नोकरी-धंदा करणारे आणि रोटरीबाहेरचे, एखाद्या रोटेरियनचा मुलगा किंवा सूनसुद्धा चालायची नाही. (वशिला चालत नाही हे ऐकल्यावर आमच्या बाबांनी 'मग तुझा नंबर लागला कसा' असं विचारलं होतं, ते असो.) विमानाचं तिकीट फाउंडेशनचं, राहणं-खाणं तिथल्या रोटेरियन लोकांच्या घरी, आणि महिनाभर ज्याच्या-त्याच्या धंद्यातल्या जागा बघायच्या, त्याला व्होकेशनल व्हिजिट म्हणतात. आमचे मित्र याला फुकटची ट्रिप म्हणायचे. म्हणू देत. रोज सकाळी टाय लावून कुठल्या तरी कारखान्यात हजर व्हायचं आणि रात्री दहानंतर, हो दहानंतरच, तिकडे जेवायलाच तेव्हा बसतात, क्लबच्या जेवणात उभं राहून हसतमुखाने नागपूर समजावून सांगायचं, हे त्यांनी एकदा करून बघावं.

लोकांना ही व्होकेशनल व्हिजिट म्हणजे फिरण्याला लावलेलं शेपूट वाटतं, पण रोटरीचं मूळच ते आहे. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने जी पहिली बैठक भरवली तिच्यात तो स्वतः, एक कोळशाचा व्यापारी, एक मायनिंग इंजिनिअर आणि एक शिंपी असे चार धंद्यांचे चारजण होते, आणि पाळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचं असं ठरलं होतं. म्हणजे दुसऱ्याच्या कामाच्या जागी जाऊन बसणं हेच पहिलं. समाजसेवा, पोलिओ वगैरे सगळं नंतरचं.

आमची टीम म्हणजे लीडर डॉक्टरकाका, धरमपेठेत त्यांचा जुना दवाखाना, मग आर्किटेक्ट ताई, एक डेंटिस्ट, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं काम करणारी एक मुलगी, आणि मी, मूळ काटोलकडचा, घरी संत्र्याचा बगीचा आणि माझी स्वतःची पन्हेरी, म्हणजे कलमांची नर्सरी. आता संत्रावाल्याला व्हॅलेन्सियाला पाठवतात म्हटल्यावर आमच्या गावात तर मी अमेरिकेचा व्हिसा मिळाल्यासारखा फिरत होतो. बॅगेत संत्रा बर्फीचे डबे, क्लबचे बॅनर आणि कोशाचे स्टोल. संत्री नेता येत नाहीत, ताज्या फळाला क्वारंटाइनचे नियम आहेत. बर्फीला कोणी हरकत घेतली नाही.

मार्चचा पहिला आठवडा होता. शहरात शिरलो तर फुटपाथवर दोन्ही बाजूंनी संत्र्याची झाडं, फळांनी लदबदलेली, आणि कोणी तोडत नाही. आमच्या डेंटिस्टला राहवेना, त्याने एक तोडलं, सोललं आणि अख्खी फोड तोंडात टाकली. ती सगळी कडू जात, शोभेसाठी लावलेली. त्याचा चेहरा बघून होस्ट काकू इतक्या हसल्या की पहिल्या दिवसाचं जे काही संकोचाचं असतं ते तिथेच संपलं. पुढे महिनाभर कुठल्याही क्लबात गेलो की आमची ओळख करून देताना हा किस्सा आमच्याआधी पोचलेला असायचा.

माझ्या व्हिजिटांपैकी सगळ्यात कामाची म्हणजे व्हॅलेन्सियाजवळच्या मोंकादाची शेती संशोधन संस्था, आय-व्ही-आय-ए. तिकडे १९५७ पासून त्रिस्तेझा नावाच्या व्हायरसने धुमाकूळ घातला होता, आंबट संत्र्याच्या खुंटावरची (खुंट म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते) कोट्यवधी झाडं गेली. त्यातून ते जे शिकले ते असं, की रोगमुक्त मातृवृक्ष सरकारी देखरेखीत जाळीच्या आत ठेवायचा, शेंड्याचा अगदी बारीक, मिलिमीटरच्याही आतला तुकडा कापून टेस्ट ट्यूबमधल्या रोपावर चढवायचा, त्याच्यातून साफ झाड तयार करायचं, आणि पन्हेरीवाल्याने कलमासाठी डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, आणायचा तो त्याच झाडांच्या वंशातला, दुसरीकडून आणलाच तर रोप विकता येत नाही. तिथली एक बाई मायक्रोस्कोपखाली हे करत होती. डाव्या हाताची करंगळी टेबलाला टेकवलेली, श्वास रोखलेला, ब्लेडच्या टोकावर काहीतरी आहे एवढंच मला दिसत होतं, ते तिने खुंटाच्या कापावर ठेवलं आणि मग श्वास सोडला. मी पोरगा असल्यापासून जंबेरीच्या खुंटावर डोळे बांधतोय, हात माझाही चांगला आहे, पण ते बघून गप्पच झालो.

आता गंमत म्हणजे हेच तंत्र आपल्या अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संस्थेतही आहे, त्यासाठी स्पेनला जायची गरज नाही. फरक आहे तो गिऱ्हाइकात. आपल्याकडे शेतकरी पन्हेरीत आला की पहिला प्रश्न कलम केवढ्याला, आणि दुसरा प्रश्न दोन रुपये कमी करता का. डोळा कुठल्या झाडाचा, हे विचारणारा शंभरात एखादा. मग डिंक्या, शेंडेमर असले रोग लागले की नशिबाला बोल. तिकडचा शेतकरी काही जन्मतः शहाणा नाही, त्याच्या आजोबाची अख्खी बाग मेलेली आहे म्हणून तो विचारतो.

बाकी सगळं तिकडे चकाचक आणि आपल्याकडे बोंब असं लिहिणारे ब्लॉग खूप आहेत, मला तसलं लिहायचं नाही, कारण ते खरं नाही. कारकाइशेंत नावाच्या गावाजवळ एका आजोबांच्या बागेत गेलो, याच भागात १७८१ साली एका पाद्रीने पहिली व्यापारी बाग लावली असं सांगतात, म्हणजे भोसल्यांच्या राज्यात नागपूरला संत्रा आला त्याच सुमाराला. आजोबांची जमीन आपल्या हिशोबाने दोन एकरसुद्धा भरत नव्हती. बहुतेकांच्या अशाच चिंध्या. मुलगा शहरात, नातवाला बागेत रस नाही, शेजारची बाग सोडून दिलेली, वाळलेली झाडं तशीच उभी. आणि विक्री कशी, तर व्यापाऱ्याचा माणूस येतो, झाडांमधून फिरतो, नजरेने अंदाज घेतो आणि अख्ख्या बगीच्याचा भाव सांगतो. मी म्हटलं थांबा थांबा, हे तर काटोल-वरुडचंच चाललंय! आपल्याकडे बगीचा ठोक देतात तस्संच. भाव सांगितल्यावर आजोबांनी जो चेहरा केला होता, तो आमच्या बाबांचा चेहरा. वजनावर विकण्याचाही मार्ग आहे, सहकारी सोसायट्या आहेत, त्यांच्या पॅकहाउसमध्ये एकेका फळाचे फोटो काढून कॅमेरा साइज आणि डाग बघून वेगळं करतो, तोडणीसुद्धा ओढून नाही तर छोट्या कटरने, देठाची टिकली फळावर राहिली पाहिजे. तरी आजोबांचं म्हणणं, सुपरमार्केटवाले भाव पाडतात. ते ऐकून माझी सगळी भाषेची अडचण संपली, मान हलवायला स्पॅनिश लागत नाही.

पाण्याचं मात्र सांगायलाच पाहिजे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या दाराबाहेर, पाण्याची पंचायत बसते. व्हॅलेन्सियाच्या आसपासच्या आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, काळे अंगरखे घालून गोल बसतात, एकजण प्रत्येक कालव्याचं नाव पुकारतो, कोणाची तक्रार आहे का. पाणी पाळी सोडून घेतलं, बांध फोडला, शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडलं, हीच प्रकरणं. सगळं तोंडी, वकील नाही, निकाल तिथल्या तिथे आणि त्याच्यावर अपील नाही. शेकडो वर्षं चाललंय, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. आम्ही गेलो त्या गुरुवारी तक्रारच नव्हती, नावं पुकारली, कोणी आलं नाही, उठले, संपलं. पर्यटक नाराज. डॉक्टरकाकांचं गाव पेंचच्या कालव्यावर, ते बराच वेळ तिथेच उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, 'तक्रार नाही म्हणून नाराज कायले व्हायचं बे?'

ताईच्या व्हिजिटा मी झोपेत केल्या असं ती अजून म्हणते, पण तुरियाचा पट्टा लक्षात आहे. शहराच्या मधून तुरिया नदी जायची, १९५७ च्या पुरात शहर बुडालं, मग त्यांनी नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली आणि जुन्या पात्रात मैलोन् मैल बाग केली, जुने पूल तसेच वर, खाली लोक सायकली चालवताहेत. तेव्हा मला नाग नदी आठवून चिडचिड झाली होती. पण २०२४ च्या ऑक्टोबरात तिकडे जो भयंकर पूर आला त्यात दोनशेच्या वर माणसं गेली, मधलं शहर त्या वळवलेल्या पात्राने वाचवलं आणि दक्षिणेकडची गावं बुडाली. आमच्या एका होस्टच्या भावाचं घर तिकडेच, माणसं वाचली, तळमजला गेला. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून आपल्याकडे घराघरात पाणी शिरलं होतं तेव्हा पहिला मेसेज त्यांचा आला होता. एक्सचेंजचं खरं काय उरतं म्हणाल तर हे मेसेज उरतात, बॅनर तर कपाटात पडून आहेत.

आता फायास, म्हणजे व्हॅलेन्सियाचा मार्चमधला पुतळे जाळायचा सण. हे वाचायलाच तुम्ही आला असाल.

दरवर्षी १ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता महापालिकेच्या चौकात मास्क्लेता होते, म्हणजे भर उन्हात फटाके. दिसत काही नाही, धूर दिसतो, ते ऐकण्यासाठीच असतं, त्याला चाल असते, हळू सुरू होतं, वाढत जातं, आणि शेवटच्या मिनिटात पायाखालची फरशी हलते. होस्ट काकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं की कान बंद करू नका, तोंड थोडं उघडं ठेवा. पाच-सहा मिनिटांत खलास, आणि लोक टाळ्या वाजवून जेवायला जातात! ऑफिसातले लोक सुटाबुटात येऊन, ऐकून, 'आजचा शेवट जरा कमजोर होता' अशी चर्चा करत जातात. आपल्याकडे भजनाच्या पेटीवाल्याबद्दल जेवढं बारीक बोलतात तेवढं हे फटाकेवाल्याबद्दल बोलतात.

पण मुख्य गोष्ट पुतळ्यांची. शहरात चारशेच्या जवळपास मंडळं आहेत, मंडळच म्हणतो कारण कारभार आपल्या गणेश मंडळाचाच, गल्लीचं ऑफिस, वर्षभराची वर्गणी, रुसवेफुगवे, बाजूच्या गल्लीशी खुन्नस. प्रत्येक मंडळ चौकात एक प्रचंड देखावा उभा करतं, मोठे तर पाच-सहा मजली, खर्च लाखांत युरो, आणि त्यात राजकारणी, बँकवाले, नट, मेयर सगळ्यांची यथेच्छ टिंगल. १५ तारखेला उभे करतात, १९ ला म्हणजे सेंट जोसेफच्या दिवशी रात्री जाळतात. सुतारांचा संत तो, हिवाळा संपला की सुतार लोक दुकानातलं भंगार लाकूड बाहेर आणून पेटवायचे त्याच्यातून हे सुरू झालं असं सांगतात. एकच पुतळा लोकांच्या मतांनी वाचवतात, १९३४ पासूनची रीत आहे, तो म्युझियममध्ये जातो. पुढे लहान मुलांच्या देखाव्यातलाही एक वाचवायला लागले. बाकी सगळं आगीत.

आमच्या वेळापत्रकात याला 'सण' म्हणून रंगवलं होतं, पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट उभारणीच्या आधी दिसली. बेनिकालाप भागात फायासच्या कारागिरांची आख्खी वस्ती आहे, रांगेने वर्कशॉप, तिथे आमची व्हिजिट होती. मोठ्या शेडमध्ये दहा-बारा फुटांची डोकी आडवी पडलेली, एका मंत्र्याचं नाक वेगळं ठेवलेलं, आतून लाकडाचा सांगाडा, बाहेरून थर्माकोल कोरून, त्यावर कागद, लांबी, रंग. पूर्वी सगळं पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्याचं होतं, आता थर्माकोल. उभारणीला थोडे दिवस उरलेले, कोणाला बोलायला वेळ नाही, आणि तरी तो कारागीर, साठीचा असेल, कानामागे पेन्सिल, आम्हाला मंत्र्याच्या भुवया कशा वाकवल्या की तो खोटा दिसतो ते दाखवत होता. डॉक्टरकाकांनी त्याला विचारलं की वर्षभर केलेलं काम एका रात्रीत जळतं, वाईट वाटत नाही का. त्याने जरा वैतागून उत्तर दिलं, दुभाष्याने सांगितलं ते असं, की नाही जळलं तर पुढच्या वर्षी मला काम कोण देईल?

मला ते फार आवडलं. उगाच कला-बिला नाही, सरळ हिशोब.

तेव्हा कोशावाली मुलगी म्हणाली, थांबा, आणि मोबाईल काढला. तिच्याकडे मारबतीचा, म्हणजे नागपुरात मिरवणूक काढून जाळतात त्या पुतळ्यांचा, व्हिडिओ होता, तिचं माहेर जागनाथ बुधवारीच्या पलीकडेच. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये दीक्षाभूमी होती, ताडोबाचा वाघ होता, संत्रा तर होताच, मारबत नव्हती, निवड करणाऱ्यांचं म्हणणं परदेशी लोकांना ती काय कळणार. तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती गर्दी, काळी मारबत, पिवळी मारबत, मागे भ्रष्टाचाराचा बडग्या, महागाईचा बडग्या (हेही पुतळेच), आणि 'इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत'चा गजर. कारागिराने ब्रश खाली ठेवला. बाजूच्या शेडमधल्या दोघांना हाक मारून बोलावलं. बांबू कसा बांधतात, डोळे कोण रंगवतं, तोंड का उघडं ठेवलंय, बाई कोण आहे, प्रश्नावर प्रश्न. मग तिने सांगितलं की काळी १८८१ पासून निघते, भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली तिच्यावरचा राग आहे तो, पिवळी १८८५ पासून. 'म्हणजे सव्वाशे वर्षं एकाच बाईला जाळताय?' असं त्याने विचारलं. हाव, म्हटलं, आम्ही नागपूरकर विसरत नाही.

त्या रात्रीपासून डॉक्टरकाकांनी प्रेझेंटेशनमधला एक वाघ काढला आणि मारबत घातली. पुढच्या सगळ्या क्लबात वाघाला टाळ्या, मारबतीला प्रश्न. टाळ्या काय, कोणालाही देतात.

क्रेमाची, म्हणजे पुतळे जाळायची, रात्र मात्र फोटोत सुंदर दिसते तेवढी सुंदर नाही हे सांगून ठेवतो. आजूबाजूच्या इमारतींवर अग्निशमनवाले पाण्याचे फवारे मारत असतात, ज्वाळा चौथ्या मजल्यापर्यंत, आणि धूर काळाकुट्ट, थर्माकोलचा, घशात बसतो. तिथलेही बरेच लोक याच्यावर ओरडतात. मंडळाच्या मुली रेशमी घागऱ्यात, केसांत सोनेरी फण्या खोचून उभ्या असतात आणि ढसाढसा रडतात. आमची कोशावाली त्यांच्या कापडाकडेच बघत होती, त्यातलं खरं भारी कापड हातमागावर विणतात, दिवसाला काही सेंटिमीटर, आणि ठिणगी उडेल म्हणून तीच बिचारी घाबरत होती.

एक्सचेंज म्हटलं की तिकडची टीमही इकडे येते, ती पोळ्याच्या सुमाराला आली, तारखा आम्हीच भांडून तशा घेतल्या. सगळ्या क्लबांनी त्यांना मॉल, आयटी पार्क, हॉस्पिटल दाखवायचा चंग बांधलेला. त्यांच्यात एक मुलगा होता, त्याच वस्तीतल्या दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये रंगकाम करणारा, त्याला आम्ही दोन दिवस सगळ्यातून सोडवून चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, नेऊन बसवला. गणपती शेवटच्या हातात होते. तिथल्या एका काकांनी त्याच्या हातात ब्रश दिला, त्याने उंदराचे कान रंगवले, काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत आणि दुसरा उंदीर पुढे सरकवला. मराठी-स्पॅनिश दोन्ही बाजूंनी शून्य, पण दुपारपर्यंत उंदरांची आख्खी रांग झाली. रोटरीच्या भाषेत याला व्होकेशनल व्हिजिटच म्हणतात. दुपारी तर्री पोहे खाल्ल्यावर त्याचे कान लाल झाले, पण दुसरी प्लेट मागितली.

मारबतीच्या दिवशी त्याला घेऊन सकाळीच इतवारीत गेलो. काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तेव्हाची रेटारेटी, गुलाल, घामाने भिजलेले सगळे, आणि हा पठ्ठ्या गर्दीत घुसून बडग्यांच्या सांध्यांचे फोटो काढून राहिला. संध्याकाळी दहन झाल्यावर मंडळाच्या एका म्हाताऱ्या बाबांना त्याने माझ्यामार्फत विचारलं की आमच्याकडे एक पुतळा मत देऊन वाचवतात, तुमच्याकडे कोणता वाचवता.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'वाचवाचं काहून? जाळाले तर बनवला.'